कपाटात ठेवलेला आवाज

१

“चोरी झालीय,” घड्याळकाका म्हणाले, “आणि चोर घरातलाच आहे.”

फडक्यात गुंडाळलेला लॅपटॉप त्यांनी दोन्ही हातांनी चौकशीच्या टेबलावर ठेवला. घड्याळकाकांचं दुकान समोरच, गल्लीच्या पलीकडे. एक माणूस, एक स्टूल आणि भिंतभर घड्याळं मावतील एवढंच. ते दुकान सोडून भर सकाळी इकडे आले होते, म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

चौकशी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन तिनं संगणक-दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा साधा चार्जर बदलायला आलेल्या गिऱ्हाइकालाही ती इतकं खोदून खोदून विचारायची की माणूस घरी जाऊन म्हणायचा, आज चौकशी झाली माझी. पुढे गल्लीनं ते नावच ठेवून दिलं. तिलाही ते आवडायचं. कारणाशिवाय काही बिघडत नाही आणि विचारल्याशिवाय कारण सापडत नाही, एवढ्या दोन गोष्टींवर तिचा विश्वास होता.

“काय गेलं चोरीला?” तिनं विचारलं.

“तुझ्या काकूचा आवाज.”

काकूंच्या घशात गाठ निघाल्याचं गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं, हेही. पण त्याआधीची गोष्ट चौकशीला ठाऊक नव्हती. दवाखान्यातल्या एका बाईंनी काकूंना सांगितलं होतं, आवाज आहे तोवर जमतील तेवढी वाक्यं बोलून ठेवा. नंतर एक प्रोग्रॅम त्यांतून तुमचा आवाज तयार करील, तुम्ही टाइप करायचं आणि तो तुमच्या आवाजात बोलेल. मग काकू कित्येक दिवस मागच्या खोलीत बसल्या. खिडकी बंद, पंखा बंद. घामाघूम होऊन या लॅपटॉपसमोर बोलत राहिल्या. बाईंनी दिलेली वाक्यं संपल्यावर आपल्या मनानं बोलल्या.

“मी दाराबाहेर उभा राहून ऐकायचो,” काका म्हणाले. “एक दिवस आतून आवाज आला, ‘बाहेर उभं राहून ऐकणाऱ्यांनी दूध आणायला जावं.’ तेसुद्धा भरून ठेवलं तिनं.”

ते हसले नाहीत. चौकशीनं लॅपटॉपचं बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, कंपनीचं चिन्ह आलं आणि गेलं. मग निळं पान उघडलं. लांबलचक किल्ली मागणारं, आकड्यांसाठी रिकाम्या चौकटी असलेलं.

“ती घरी आल्यापासून हेच. पुढे जातच नाही. किल्ली कसली, आम्ही कधी लावलीच नव्हती! हे जावईबापूंचं काम आहे. ती दवाखान्यात होती तेव्हा एका दुपारी घर रिकामं होतं. शेजारणीनं त्यांना कुलूप लावून निघताना पाहिलंय. विचारलं तर म्हणे, मी आलोच नव्हतो. मुलगीही नवऱ्याचीच बाजू घेते. आता दोघंही येत नाहीत.” काकांचा आवाज चढला. “तू दुरुस्त करशीलच. पण कोणी केलं ते मला कळलंच पाहिजे. सोडणार नाही मी त्याला.”

चौकशी ऐकत होती, पण डोळे पडद्यावर होते. मशीन पुन्हा सुरू करून ती त्याच्या मूळ सेटिंगच्या पानावर गेली होती. कोपऱ्यात तारीख होती. चुकलेली. तीही थोडीथोडकी नव्हे, काही वर्षांनी मागे.

“काका,” ती सावकाश म्हणाली, “हा लॅपटॉप कोणीतरी उघडला होता.”

“बघ!” काकांनी टेबलावर थाप मारली. “मी काय म्हणत होतो?”

२

अर्धवट निष्कर्ष कोणाला सांगायचा नाही, ही तिची प्रयोगशाळेतली सवय होती. म्हणून काका गेल्यावर तिनं दार लोटून घेतलं आणि मगच पेचकस उचलला.

लॅपटॉपच्या पोटात एक बटणाएवढा सेल असतो. मोठी बॅटरी संपली तरी मशीनचं घड्याळ आणि सेटिंग तो सांभाळतो. दोन्ही तोडले तर मशीन सगळं विसरतं आणि पुन्हा सेल मिळाला की कारखान्यातल्या तारखेपासून दिवस मोजायला लागतं. तिनं पडद्यावरची तारीख पाहिली, मोजलं. घड्याळ नव्यानं सुरू झालं होतं ते काकू दवाखान्यातून घरी आल्या त्याच दिवशी.

मागचे स्क्रू तिनं भिंगाखाली धरले. एकाच्याही डोक्यावर ओरखडा नाही. हे तिला खटकलं. घाईत उघडणारा माणूस निदान एखादा स्क्रू तरी छिलतोच. इथे सगळे सारख्याच जोरानं आवळलेले. आतला सेल नवाकोरा, त्यावर बोटाचा ठसासुद्धा नाही. सगळ्या मशीनवर धूळ आणि तेवढीच एक चांदीसारखी चकती.

ज्यानं हे केलं त्याला घाई नव्हती. नासधूसही करायची नव्हती. मग करायचं काय होतं?

तिनं डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली. डिस्क ठणठणीत होती. एक कणही हललेला नव्हता. पण आत नुसता गोंधळ, अर्थ नसलेली अक्षरं. डिस्कला कुलूप होतं. त्याची किल्ली लॅपटॉपमधल्या सुरक्षेच्या चिपमध्ये असते आणि रोज मशीन सुरू होताना ती चिप मुकाट्यानं किल्ली काढून देते, म्हणून मालकाला कुलुपाचा पत्ताच नसतो. तिनं चिप तपासली.

चिप रिकामी होती. कोणीतरी ती पुसली होती.

काकूंचा आवाज इथेच होता, तिच्या तळहातावर. आणि तो कोणालाच ऐकू येणार नव्हता.

३

काकांचे जावई गाडी चालवायला शिकवायचे. चौकशी त्यांना भेटली ती मैदानाच्या कडेला, शिकवणीच्या गाडीत. शिकणारी बाई नुकतीच उतरून गेली होती आणि जावई कपाळ पुसत होते.

“बसा, बसा. माझ्या बाजूलाही ब्रेक आहे, घाबरू नका,” ते म्हणाले. “सासरेबुवांनी पाठवलं ना? मी त्यांना पहिल्या दिवसापासून खुपतो. मनगटावर घड्याळ नसलेला जावई! वेळ मोबाइलमध्ये बघतो म्हटल्यावर त्यांचा चेहरा बघायला हवा होता.”

“त्या दुपारी तुम्ही घरी गेला होतात?”

“नाही.”

“कुलूप लावताना शेजारणीनं पाहिलंय.”

जावयांनी उगाच आरसा सरळ केला. “गेलो होतो,” शेवटी ते म्हणाले. “लॅपटॉपसाठीच गेलो होतो. घ्या, लिहा आता.”

“मी लिहीत नाही. मी विचारते.”

“सासूबाईंचा आवाज त्या एकाच मशीनमध्ये आहे, याची मला धास्ती होती. कॉपी काढून ठेवू म्हटलं तर सासरे म्हणाले, तिच्या वस्तूला कोणी हात लावायचा नाही. मग गेलो गुपचूप. ही बघा.” त्यांनी शर्टाच्या खिशातून पेन ड्राइव्ह काढला. तो अजून खिशातच होता. “पण मशीन सुरूच झालं नाही. दिवासुद्धा लागला नाही. मेल्यासारखं. चार्जिंग उतरलं असेल म्हटलं, चार्जर शोधला, तो मिळाला नाही. होतं तसं फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं.”

“आधी खोटं का बोललात?”

“खरं बोललो असतो तर त्यांनी मानलं असतं?”

चौकशीला एका वाक्यानं पकडून ठेवलं होतं. दिवासुद्धा लागला नाही. आता तर दिवा लागत होता. म्हणजे जावई गेले त्या दुपारी मशीन आधीच आतून तोडलेलं होतं आणि नंतर कोणीतरी ते पुन्हा जोडलं होतं.

“कपाट कुठलं?” उतरता उतरता तिनं विचारलं.

“सासऱ्यांचं. बंद घड्याळं ठेवतात ना, ते.”

४

काकूंच्या घरी काकूंची मुलगी आली होती. बाप दुकानात आहे हे बघून आली होती, हे तिनंच सांगून टाकलं. “आईला भेटायला बापाची वेळ चुकवून यावं लागतंय, बघ!” लॅपटॉप मुळात तिच्या जुन्या कंपनीतला. कंपनीनं जुनी मशीनं काढली तेव्हा तिनं आईसाठी घेतला होता.

“म्हणजे कुलूप कंपनीनं लावलेलं असणार, ताई. किल्लीची प्रत त्यांच्याकडे असेल.”

“कंपनी कुठे राहिलीय? गेल्या वर्षीच बंद पडली. आता फोन उचलायलासुद्धा माणूस नाही. कालपासून जुन्या सगळ्यांना विचारतेय. तो सर्व्हर भंगारात गेला, म्हणतात.”

म्हणजे तोही रस्ता बंद. चौकशी काकूंकडे वळली. काकू खिडकीशी बसल्या होत्या. गळ्याभोवती पातळ रुमाल, मांडीवर लिहून पुसायची पांढरी पाटी.

“काकू, घरी आल्यावर लॅपटॉप पहिल्यांदा कोणी सुरू केला?”

काकूंनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

“तेव्हाच हे निळं पान आलं?”

काकूंनी मान हलवली, नाही. मग लिहिलं, ‘आधी काळं पान. इंग्रजीत काहीतरी विचारत होतं. हो की नाही.’

चौकशीच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. “तुम्ही काय केलंत?”

‘हो म्हटलं.’

“वाचलं होतंत का, काय विचारतंय ते?”

काकूंनी पाटी पुसली आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. मुलगी खांद्यावरून वाकून वाचायला लागली, तशी त्यांनी तिला कोपरानं ढोसलं. मग पाटी फिरवली.

‘दवाखान्यात मी सगळ्याला हो म्हणायचे. उशी हवी? हो. झोप लागली? हो. नाही म्हटलं की पुढे विचारतात, का, कुठे, कसं. मग लिहीत बसा. हो म्हटलं की माणूस जातो.’

“सगळ्या नर्सना वाटायचं काय गुणी पेशंट आहे,” मुलगी म्हणाली. “आयुष्यात आमच्या कुठल्याच गोष्टीला हो म्हणाली नाही ही बाई!”

काकूंचे खांदे हसण्यानं हलले. आवाज आला नाही. चौकशीलाही हसणं भाग होतं. हसली ती.

५

दुकानाच्या माळ्यावर याच जातीचा एक मोडका लॅपटॉप पडला होता. चौकशीनं तो खाली काढला. त्यावर तसंच कुलूप बसवलं, मग मोठी बॅटरी सोडवली, सेल काढला, थांबली, पुन्हा सगळं जोडलं आणि बटण दाबलं.

काळं पान आलं. सुरक्षेच्या चिपमधली माहिती जुळत नाही, असं मशीन म्हणत होतं. पुसून नव्यानं सुरुवात करू? हो म्हणालात तर किल्लीशिवाय डिस्क उघडणार नाही. हो असेल तर वाय दाबा, नाही असेल तर एन.

तिनं एन दाबलं. एक-दोन सेटिंग जागेवर आणली आणि मशीन मुकाट्यानं सुरू झालं, सगळ्या फायलींसकट.

प्रयोग पुन्हा केला. या वेळी वाय दाबलं. निळं पान.

तिनं तोही पुन्हा करून पाहिला. तिला उत्तर आवडलं नव्हतं म्हणून. उत्तर बदललं नाही. सेल काढण्यानं काहीच गेलेलं नव्हतं. सगळं गेलं ते एका ‘हो’नं, आणि ते कोणाचं हे तिला माहीत होतं.

आता एकच प्रश्न उरला होता. सेल कोणी काढला? तिला तीन गोष्टी माहीत होत्या. हात सराईत होता. सेलला त्यानं बोट लावलं नव्हतं. आणि मशीन त्या कपाटात होतं. सगळं समोर मांडलेलं असूनही ती बेरीज करायचं टाळत होती. जावयांना न मिळालेला चार्जर नेमका कुठे असायचा, हे विचारण्याच्या निमित्तानं ती गल्ली ओलांडून गेली.

काकांच्या काउंटरपाशी एक गिऱ्हाईक उभं होतं. मुलाकडे परदेशी चाललं होतं वर्षभरासाठी, घड्याळ घरीच ठेवून.

“मग सेल आत ठेवायचा नाही,” काका डोळ्याला भिंग लावून म्हणाले. त्यांनी घड्याळाचं झाकण उघडलं आणि पितळी चिमट्यानं सेल अलगद उचलला. “पडून राहिला की गळतो आणि सगळं मशीन खातो. परत आलात की या, नवा घालून देतो. हात नाही लावायचा सेलला. घाम लागतो.”

चार्जरचं विचारायचं चौकशीच्या लक्षातच राहिलं नाही.

६

गिऱ्हाईक गेलं. चौकशी तिथेच उभी.

“काय गं, सापडला का चोर?”

“काका, काकू दवाखान्यात गेल्या तेव्हा लॅपटॉपमधला सेलही तुम्ही काढून ठेवलात?”

“मग! छोटा काढला, मोठा सोडवला.” काकांच्या सांगण्यात थोडा अभिमानच होता. “किती दिवस पडून राहणार याचा भरवसा नव्हता. आत तिचा आवाज. सेल गळला असता तर? ती यायच्या दिवशी नवाकोरा घालून दिला.”

“मी म्हटलं होतं ना, कोणीतरी उघडलाय म्हणून. तेव्हा बोलला नाहीत.”

“ते उघडणं थोडंच झालं? ते ठेवणं झालं. वस्तू अशीच ठेवतात.” एवढं बोलून ते थांबले. भिंग अजून डोळ्यालाच होतं. “का गं? त्यानं काय होतं?”

चौकशीनं सांगितलं. आडपडदा न ठेवता सांगितलं, कारण तिला दुसरं काही जमत नव्हतं. सेल काढल्यानं मशीन गोंधळलं. गोंधळलं म्हणून त्यानं एक प्रश्न विचारला. नाही म्हटलं असतं तर मी ते अर्ध्या तासात सुरू करून दिलं असतं. उत्तर हो असं गेलं.

“आता?”

“आता किल्ली कुठेच नाही. माझ्याकडे नाही, कंपनीकडे नाही, बनवणाऱ्यांकडेही नाही. मी आणखी दहा जणांना विचारीन, काका. ते हेच सांगतील.”

भिंतीवरची सगळी घड्याळं चालू होती. काकांनी भिंग काढलं. डोळ्याभोवती त्याचा गोल वळ उठला होता.

“पहिल्यांदा तिनंच सुरू केला होता,” ते म्हणाले. “मी स्वयंपाकघरात होतो.”

चौकशीनं मान हलवली.

“तिला सांगायचं नाही.”

“काका, त्या विचारतील. मी कधी कोणाला चुकीचं...”

“मी सेल काढला आणि मशीन मेलं. झालं. यातलं एक अक्षर खोटं नाही.” त्यांनी चिमटा उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. “एवढंच सांगायचं, पोरी. पुढचं नाही सांगायचं.”

७

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे चौकशीच्या दुकानात जमले. काकू खुर्चीत. मुलगी त्यांच्या मागे. जावई दाराशी, कधीही निघता येईल अशा बेतानं. मधे टेबलावर लॅपटॉप, मिटलेला.

काकांनी बसायला नकार दिला. उभ्या उभ्याच सांगितलं. सेल मी काढला, मशीन त्यामुळे गेलं, ते परत येणार नाही, आणि मी मात्र जावयांचं नाव घेत फिरलो. मग ते दाराकडे वळले. “माझं चुकलं,” ते म्हणाले. त्यांना ते नीट म्हणताही येईना. जावयांचा हात खिशातल्या पेन ड्राइव्हवर गेला आणि तिथेच राहिला.

“बाबा, तुम्हाला काय माहीत होतं...” मुलगी म्हणाली आणि रडायला लागली.

काकू रडल्या नाहीत. त्या काकांकडे एकटक बघत होत्या. मग त्यांनी पाटी घेतली. लिहिलं आणि काकांना न दाखवता चौकशीपुढे धरली.

‘नवा सेल घातला होता ना? मग चालायला हवं.’

चौकशीनं ते वाचलं. इतका नेमका प्रश्न या खोलीत दुसऱ्या कोणीच विचारला नव्हता. तिला उत्तर येत होतं. दोनदा प्रयोग करून पडताळलेलं. काका तिच्याकडे बघत नव्हते. ते जमिनीकडे बघत होते, आणि त्यांचे हात मागे एकमेकांत घट्ट अडकलेले होते.

“नाही काकू,” ती म्हणाली. “एकदा सेल निघाला की ते सगळं विसरतं. नंतर नवा घातला तरी उपयोग नसतो. पुढे कोणी काहीही केलं असतं तरी हेच झालं असतं.”

तिच्या कानाला ते अगदी शास्त्रशुद्ध वाटलं.

काकूंनी पुन्हा पेन टेकवलं. एक अक्षर काढलं, थांबल्या, ते अंगठ्यानं पुसलं आणि पाटी पालथी ठेवली. त्यांना काय विचारायचं होतं हे चौकशीला कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं ते विचारलं नाही.

चौकशीनं लॅपटॉप त्याच फडक्यात गुंडाळला. तो परत न्यायला कोणी हात पुढे केला नाही.

मग काकूंनी पिशवीतून मोबाइल काढला. मुलीनं आदल्या दिवशी त्यात कसलंसं ॲप घालून दिलं होतं, तयार आवाजाचं. काकू एकेक अक्षर शोधत टाइप करत राहिल्या आणि शेवटी बोट दाबलं.

“चला. आपण घरी जाऊ या,” एक बाई म्हणाली. तरुण, तरतरीत, अनोळखी.

काका दचकून दाराकडे वळले, कोण आलं ते बघायला.